रोज एका क्लूची शिकवणी : ‘मिनिट क्रिप्टिक’

क्रिप्टिक, म्हणजे गूढ वाक्यांतून उत्तर लपवणारे, शब्दकोडे शिकू पाहणारा माणूस बहुधा उत्तर समोर असताना अडतो. दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तरे छापून येतात, संकेतस्थळावर एक बटण दाबले की सगळी चौकट भरून निघते, आणि तरीही पाच-सहा शब्दांच्या त्या चमत्कारिक वाक्यातून हाच शब्द कसा निघाला, हे काही केल्या उमगत नाही. अशी चार-दोन कोडी झाली की ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून बरेच जण नाद सोडतात. ‘मिनिट क्रिप्टिक’ हा ऑनलाइन खेळ नेमका या जागी उपयोगी पडतो. म्हणून या परीक्षणात मी त्याच्याकडे करमणूक म्हणून कमी आणि शिकवणी म्हणून अधिक पाहिले आहे. उकल समजावून सांगण्याचे काम तो किती चोख करतो, हीच माझी मुख्य कसोटी आहे.

हा खेळ ऑस्ट्रेलियातला असून तो 2024 मध्ये सुरू झाला. त्याची मांडणी अगदी साधी आहे. रोज एकच इंग्रजी क्लू, म्हणजे उत्तराकडे नेणारे कोड्याचे वाक्य, येतो, त्याखाली उत्तराच्या अक्षरांइतकी रिकामी घरे असतात आणि अडल्यावर मागण्यासाठी काही हिंट असतात. रोजचा क्लू मोफत सोडवता येतो. आडवे शब्द, उभे शब्द, काळी घरे असा नेहमीचा संसार इथे नाही. नावात ‘मिनिट’ असले तरी नवख्याला मिनिटभरात काही सुटत नाही, आणि तशी घाई करूही नये, कारण एकाच छोट्या वाक्याकडे पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी तोडून पाहण्याची सवय लागणे हाच या खेळाचा पहिला लाभ आहे. पूर्ण कोड्यात हे होत नाही. तिथे एक क्लू अडला की डोळे लगेच पुढच्या क्लूकडे पळतात.

ज्यांनी क्रिप्टिक कोडे कधी हाताळलेले नाही त्यांच्यासाठी एक क्लू मी मराठीतच रचून दाखवतो : ‘कलम हलले की फूल (3)’. कंसातला आकडा उत्तरातील अक्षरांची संख्या सांगतो. वाचताना डोळ्यांसमोर बाग येते, वाऱ्याने हललेली फांदी येते, आणि वाचक तिथेच फसतो, कारण या चित्राचा उत्तराशी काडीचाही संबंध नाही. क्रिप्टिक क्लूच्या एका टोकाला, म्हणजे अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ दिलेला असतो; उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांच्या जुळवाजुळवीतून मिळवण्याची कृती असते. इथे शेवटचा शब्द ‘फूल’ हा अर्थ आहे. ‘कलम’ हा शब्द म्हणजे कच्ची अक्षरे, ज्यांना इंग्रजीत फॉडर म्हणतात. ‘हलले’ हा इंडिकेटर, म्हणजे त्या अक्षरांचे काय करायचे याचा इशारा : ती जागची हलवा. क, ल, म यांची जागा बदलली की ‘कमल’ मिळते. ‘की’ हा नुसता जोडशब्द आहे आणि त्याखेरीज क्लूमध्ये एकही शब्द रिकामा बसलेला नाही. चांगल्या क्लूची आणि चांगल्या स्पष्टीकरणाचीही हीच परीक्षा असते. प्रत्येक शब्द कशासाठी आला आहे हे सांगता आले पाहिजे. एक जरी शब्द शिल्लक राहिला, तर एक तर क्लू सदोष आहे किंवा आपली उकल अर्धवट आहे.

‘मिनिट क्रिप्टिक’ने हीच फोड आपल्या हिंटमध्ये उतरवली आहे, आणि त्याचे सगळे यश मला या एका निर्णयात दिसते. अडलेला माणूस ‘उत्तर सांगा’ असे न म्हणता ‘यातला अर्थ कोणता’, ‘इशारा कोणता’ किंवा ‘कच्ची अक्षरे कोणती’ असे वेगवेगळे विचारू शकतो, आणि जे विचारले तेवढाच भाग क्लूमध्ये उठून दिसतो. त्यानेही भागले नाही तर उत्तरातले एखादे अक्षर उघडता येते. साध्या शब्दकोड्यांत पहिले अक्षर उघडणे ही मदत समजली जाते. क्रिप्टिकमध्ये मात्र त्यातून शिकायला काहीच मिळत नाही, कारण अक्षर मिळाल्यावर माणूस अंदाजाने शब्द बसवतो आणि कृतीकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे अक्षर उघडण्याचा पर्याय सगळ्यात शेवटी वापरावा, असा माझा आग्रह राहील.

बाकीच्या तीन हिंटमध्येही क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक नवखे आधी अर्थ मागतात, कारण अर्थ कळला की समानार्थी शब्द सुचू लागतात. वरच्या उदाहरणात ‘फूल’ हा अर्थ आहे एवढे कळले तर तीन अक्षरी फुलांची नावे मनात येतील, त्यांतले ‘कमल’ आपोआप सापडेल, आणि कलम हलले काय किंवा न हलले काय, त्याने फरक पडणार नाही. उत्तर मिळेल, पण उद्याच्या क्लूसाठी गाठीशी काही राहणार नाही. याउलट आधी इशारा मागितला आणि ‘हलले’ हा शब्द उठून दिसला, तर अक्षरे ढवळायची आहेत हे कळते, ढवळायची अक्षरे जवळपासच असणार हे कळते, आणि तीन अक्षरांचा शब्द हवा असल्याने ‘कलम’वर बोट ठेवता येते. क्लू कसा चालतो हे अशाने हाताला कळते. म्हणून इशारा, मग कच्ची अक्षरे, मग अर्थ, हा क्रम मी सुचवेन. खेळ स्वतः असा क्रम लादत नाही, सोडवणाऱ्याला मोकळीक देतो. ती मोकळीक जाणकारासाठी योग्यच आहे. नवख्याला मात्र सुरुवातीला कोणीतरी हा क्रम सांगायला हवा.

दडलेल्या शब्दांचा प्रकार या खेळात अधूनमधून येतो, आणि तो समजायला सगळ्यांत सोपा असूनही पाहताना सहज निसटतो. त्यासाठीही एक मराठी क्लू : ‘नाना वल्हवतात ती यातच आहे (2)’. ‘यातच आहे’ हा इशारा. पहिले दोन शब्द मधली फट विसरून सलग वाचले, तर दुसरा ‘ना’ आणि त्यापुढचा ‘व’ मिळून ‘नाव’ तयार होते. आणि नाना वल्हवतात ती नावच असल्यामुळे इथे अर्थासाठी वेगळा शब्द लागलेलाच नाही. संपूर्ण वाक्य एकाच वेळी अर्थही आहे आणि कृतीही. असे क्लू दुर्मीळ असतात आणि ज्यांना कोडी रचण्याची आवड आहे ते अशा एका क्लूसाठी दिवसच्या दिवस घालवतात. अशा क्लूला हिंट देताना खेळाच्या ठरलेल्या साच्याची कसोटी लागते, कारण अर्थ दाखवा म्हटले की सगळे वाक्यच उजळते आणि नवख्याला काहीतरी बिघडले असे वाटते. अशा वेळी दोन ओळींचे स्पष्टीकरण कोणत्याही रंगाच्या खुणेपेक्षा अधिक काम करते.

शब्द भलत्या जागी तोडून अर्थ लपवण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. ‘कं बलवन्तं न बाधते शीतम्’, म्हणजे कोणत्या बलवंताला थंडी बाधत नाही, असा प्रश्न विचारणारी जुनी संस्कृत ओळ अनेकांना पाठ असते. पहिले दोन शब्द जोडून वाचले की प्रश्नच उत्तर होतो : ‘कंबलवन्तं’, ज्याच्याजवळ घोंगडी आहे त्याला. उत्तर ओळीच्या पोटातच असणाऱ्या या रचनेला अंतर्लापिका म्हणतात. ज्याला ही ओळ ऐकून आनंद होतो त्याला इंग्रजी क्रिप्टिक क्लूची गोडी लागायला वेळ लागणार नाही, असे मला मनापासून वाटते.

अर्थात इंग्रजी क्लूची स्वतःची एक वाढ आहे आणि तिच्यामुळेच आजच्या क्लूकडून आपण प्रामाणिकपणाची अपेक्षा करू शकतो. पहिले शब्दकोडे 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांनी दिले ते साध्या अर्थांचे होते. ब्रिटनमध्ये 1926 पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी ‘टॉर्केमाडा’ या नावाने संपूर्ण क्रिप्टिक कोडी द्यायला सुरुवात केली. हे नाव स्पेनमधल्या एका क्रूर धर्मन्यायाधीशाचे होते, आणि छळाची ती परंपरा पुढच्या कोडेकारांनीही नावापुरती चालवली. मॅदर्स यांच्यानंतर आलेले डी. एस. मॅक्नट ‘झिमेनीज’ झाले. 1972 मध्ये त्याच वृत्तपत्रात कोडी रचू लागलेले जोनाथन क्राउदर यांनी ‘डेझा’ या आणखी एका धर्मन्यायाधीशाचे नाव उलटे लिहून ‘अझेड’ हे नाव घेतले. म्हणजे नावातच एक क्लू झाला. नावे छळणाऱ्यांची असली तरी झिमेनीज यांचा सगळा भर सोडवणाऱ्याला न्याय देण्यावर होता. त्यांचे समकालीन ए. एफ. रिची, टोपणनाव ‘आफ्रिट’, यांनी 1949 मध्ये हा न्याय एका वाक्यात बसवला. त्याचा आशय असा : कोडेकार जे म्हणतो तेच त्याच्या मनात असले पाहिजे असे नाही, मात्र जे त्याच्या मनात आहे ते त्याने म्हटलेच पाहिजे. ‘मिनिट क्रिप्टिक’मधले क्लू वेगवेगळ्या कोडेकारांचे असतात आणि त्यांच्या धाटणीत फरक पडतो, पण या कसोटीवर ते बहुतांशी उतरतात. वाक्य वाचायला सहज वाटते, त्याचे वरवरचे चित्र गुळगुळीत असते, आणि उकल झाल्यावर ‘हे तर समोरच होते’ अशी भावना होते. फसवले गेल्याचा राग येत नाही, हे क्लू चांगला असल्याचे लक्षण आहे.

मराठी वाचकाला इथे दोन गोष्टी जड जातात. पहिली लिपीची. आपल्या शब्दकोड्यात एका घरात व्यंजन, त्याची मात्रा आणि जोडाक्षर एकत्र बसते; इंग्रजीत प्रत्येक स्वर वेगळा उभा असतो. त्यामुळे आपण नकळत कानाने शब्द जोडायला जातो आणि क्लू सुटत नाही. ‘फादर टु बरी आर्टिस्ट (7)’ हा मी रचलेला क्लू पाहा. बाप कलाकाराला पुरायला निघाला आहे, असे विचित्र चित्र त्यातून उभे राहते. बापासाठी ‘पा’, म्हणजे पी आणि ए ही दोन अक्षरे. पुरणे यासाठी ‘इंटर’, म्हणजे आय, एन, टी, ई, आर ही पाच. दोन्ही शेजारी लिहिली की पेंटर होतो आणि तोच शेवटच्या शब्दातला कलाकार. तोंडाने ‘पा’ आणि ‘इंटर’ कितीही वेळा म्हटले तरी ‘पेंटर’ ऐकू येत नाही. कागदावर अक्षरे सुटी लिहिल्यावर मात्र ते एका नजरेत दिसते. म्हणून फोनवर खेळतानाही शेजारी कागद-पेन्सिल ठेवावी.

दुसरी अडचण संकेतांची. खलाशी म्हटले की ‘टार’ किंवा ए-बी, कामकरी म्हटले की मुंगी किंवा मधमाशी, आणि ‘फ्लॉवर’ म्हटले की कधी फूल तर कधी (‘फ्लो’ म्हणजे वाहणे यावरून) वाहणारी म्हणून नदी, हे ब्रिटिश कोड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. क्रिकेटने मात्र आपली बाजू सांभाळली आहे : ‘डक’ म्हणजे शून्य म्हणून ओ, ‘मेडन’ म्हणजे एम, ‘लेग’ म्हणजे ऑन, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बाकीचे संकेत पाठ करण्याच्या मागे लागू नये. रोज एक क्लू नीट उलगडून पाहिला तर ते हळूहळू अंगवळणी पडतात, आणि एका छोट्या वहीत लिहून ठेवले तर अधिकच.

हिंटखेरीज या खेळासोबत रोजच्या क्लूची उकल सांगणारा छोटा व्हिडिओही असतो, आणि स्पष्टीकरणाची कला म्हणून तो पाहण्याजोगा आहे. कोडी समजावणारे बरेच जण उत्तर आधी सांगतात आणि मग त्याची फोड करतात. ती फोड ऐकणाऱ्याला पटते, पण उत्तर माहीत नसताना आपण तिथे कसे पोहोचलो असतो, हे त्यातून कळत नाही. या व्हिडिओंमध्ये वाक्यापासून सुरुवात होते : हा शब्द संशयास्पद का वाटतो, तो इशारा असू शकेल का, असेल तर अक्षरे कुठून घ्यायची, आणि मग उरलेला भाग अर्थ म्हणून बसतो का. दिशा सोडवणाऱ्याची असते, सोडवून बसलेल्याची नाही. इंग्रजी मातृभाषा नसलेल्याला बोलण्याचा वेग थोडा जास्त वाटेल. अशा वेळी व्हिडिओ थांबवून पुढचे पाऊल स्वतः टाकून पाहावे आणि मग ताडून घ्यावे.

खेळातला एक भाग मात्र मला शिकवणीच्या आड येणारा वाटतो. किती हिंट घेतल्या याचा हिशेब ठेवला जातो आणि इतर खेळाडूंच्या सरासरीशी त्याची तुलना होते. गोल्फमधला ‘पार’, म्हणजे अपेक्षित फटक्यांचा आकडा, हा शब्द त्यासाठी घेतला आहे. जाणकारांना यात चुरस वाटेल, मित्रांना आकडा पाठवण्याची मजा आहे, हेही मान्य. पण नवखा माणूस हिंट घेणे म्हणजे हरणे असे समजू लागतो आणि हिंट वाचवण्यासाठी अंदाजाने अक्षरे भरत बसतो. ज्या हिंटमध्ये सगळे शिक्षण साठवले आहे तीच टाळण्यात बक्षीस ठेवले, तर शिकणाऱ्याचे नुकसान होते. पहिले काही आठवडे या आकड्याकडे साफ दुर्लक्ष करावे.

याहून मोठी उणीव एकच क्लू असण्यातून येते, आणि ती खेळाच्या घडणीतलीच असल्यामुळे तिला दोष म्हणावे की मर्यादा, हा प्रश्न आहे. पूर्ण चौकटीत आडवा शब्द उभ्या शब्दाला छेदतो आणि एका क्लूचे उत्तर दुसऱ्याची साक्ष देते. समजा क्लू असा आहे : ‘प्रवाह उलटा गरीब (2)’. प्रवाह म्हणजे नदी, ती उलटी केली की ‘दीन’, आणि दीन म्हणजे गरीब, हे बरोबर. पण गरीब म्हणजे दीन, तो उलटा केला की ‘नदी’, आणि नदी म्हणजे प्रवाह. हेही तितकेच बरोबर. ‘उलटा’ मधोमध बसल्यामुळे तो कोणत्या बाजूला लागतो हे ठरत नाही. चौकटीत छेदणारे एक अक्षर असते तर वाद मिटला असता. एकट्या क्लूला ही सोय नाही, म्हणून तो दुप्पट काटेकोर असावा लागतो. ‘नदी उलटी फिरली की गरीब’ असे लिहिले तर दिशा एकच उरते. ‘मिनिट क्रिप्टिक’ हा काटेकोरपणा बऱ्यापैकी पाळतो, आणि एकटा उभा राहू शकेल असा क्लू रोज निवडणे किती कठीण आहे हे पाहता त्याबद्दल संपादन करणाऱ्यांचे कौतुक केले पाहिजे.

मात्र छेदणाऱ्या अक्षरांवरून मागे जात क्लू उलगडणे, आधी उत्तर सुचणे आणि मग त्याची कृती शोधणे, दोन अडलेल्या क्लूंनी एकमेकांना सोडवणे, हे अर्धे कौशल्य इथे शिकता येत नाही. त्यासाठी पुढची पायरी लागते. ‘गार्डियन’ने 2024 मध्येच सुरू केलेले क्विक क्रिप्टिक त्या दृष्टीने सोयीचे आहे, कारण त्याची चौकट लहान असते आणि त्या कोड्यात क्लूचे कोणते प्रकार वापरले आहेत हे आरंभीच सांगितलेले असते. लंडनच्या ‘टाइम्स’चे क्विक क्रिप्टिक 2014 पासून चालू आहे, तेही नवख्यांसाठीच आहे, पण त्यात प्रकार आधी सांगितलेले नसल्यामुळे ते थोडे नंतर घ्यावे. तिथे पोहोचल्यावरही ‘मिनिट क्रिप्टिक’ सोडू नये. मोठ्या कोड्यात घाईने भरलेल्या आणि न समजलेल्या उत्तरांची संख्या वाढू लागली, की एका क्लूचा प्रत्येक शब्द हिशेबात घेण्याचा हा रोजचा सराव मोडलेली शिस्त परत बसवतो.